आजचं चिंतन : ‘मला माहीत नाही’ म्हणण्याचं तप



आज वाचनात गीतेचा सतरावा अध्याय होता. श्रद्धा तीन प्रकारची, आहार तीन प्रकारचा, यज्ञ आणि दानसुद्धा तीन प्रकारचं, असं सांगता सांगता मध्येच तपाचा विषय येतो. तप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एका पायावर उभा राहिलेला ऋषी येतो. पण इथे भगवंत शरीराचं, वाणीचं आणि मनाचं अशी तीन तपं सांगतात. पंधराव्या श्लोकात वाणीच्या तपाची लक्षणं आहेत. माझ्या साध्या शब्दांत सांगते. ज्याने ऐकणाऱ्याचं मन ढवळून निघणार नाही, जे खरं असेल, ऐकायला गोड असेल आणि त्याच्या हिताचं असेल, असं बोलणं. आणि त्याला जोड स्वाध्यायाची.

हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचलाय. दर वेळी ‘हो, गोड बोलावं’ एवढंच मनात यायचं आणि पान उलटायचं. तो खऱ्या अर्थाने समजला तो एका फोनमुळे. त्या फोनवर मी गोड बोलले होते आणि चुकले होते. आज तेच सांगायचंय.

४ डिसेंबर २०२४, बुधवार. पुण्यात माझा सकाळचा पाठ संपत आला होता. साडेसात वाजून गेले असतील, चंद्रपूरहून आईचा फोन आला. "अगं, पंखा हलला. भांडी वाजली." आमच्या चंद्रपुरात घर हादरलं तर पहिला विचार कोळसा खाणीतल्या ब्लास्टिंगचा येतो. लहानपणापासून खिडक्यांच्या काचा थरथरताना पाहिल्यात. पण आईच म्हणाली, "ही काही ब्लास्टिंगची वेळ नव्हे." थोड्या वेळात बातमी आली. सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी ५.३ तीव्रतेचा भूकंप. केंद्र तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात, जमिनीखाली ४० किलोमीटरवर. गडचिरोली, चंद्रपूर, अगदी नागपूरपर्यंत जाणवला.

मुलुगू ऐकलं आणि पोटात गोळा आला. कारण माझी आत्या सिरोंचा तालुक्यात राहते. नकाशा काढून बघा, सिरोंचा गडचिरोली जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला आहे, प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमापाशी. नदीपलीकडे तेलंगणा, पलीकडच्या काठावर कालेश्वरचं देऊळ. त्या दिवशीचं भूकंपाचं केंद्र तिथून जेमतेम पन्नासेक किलोमीटर.

फोन लागायला अर्धा तास गेला. तिथे रेंज कधी असते, कधी नसते. लागला तेव्हा आत्या अंगणात बसली होती. घर धड होतं. कवेलू सरकले होते, एक-दोन खाली पडले होते, एवढंच. ती म्हणाली, शेषानं कूस बदलली. आणि मग तिने मला तो प्रश्न विचारला.

"पोरी, तू त रोज पोथी वाचतं. तुले माहीत असंन. आज रातच्याले पुन्हा येईन का तो?"

मी काय म्हणाले माहितीये? "काही येत नाही गं आत्या. पांडुरंग आहे ना. निवांत झोप."

किती सहज निघालं तोंडातून! तिला बरं वाटलं. मलाही बरं वाटलं. फोन ठेवला आणि ऑफिसला गेले.

त्याच दिवशी दुपारी सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरला. रात्री अकरा वाजता आठ रिश्टरचा भूकंप येणार, ‘उपग्रहाने’ टिपलंय, घराबाहेर झोपा, दहा जणांना पाठवा. माझ्या आतेभावाने तो मलाही पाठवला. त्यांच्या गल्लीतली निम्मी माणसं लहान पोरं घेऊन डिसेंबरच्या थंडीत शेकोटीजवळ रात्रभर बसली. आत्या मात्र घरातच झोपली, नातवाला कुशीत घेऊन. कारण मी सांगितलं होतं.

रात्री काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी मनातल्या मनात खूश होते. मेसेजवाले खोटे ठरले, मी खरी ठरले. पांडुरंगाने माझी लाज राखली, असंही वाटलं.

पंधरा दिवसांनी आतेभावाने एक फोटो पाठवला. मागच्या खोलीची मातीची भिंत. वरून खाली गेलेली भेग, आणि मधोमध फुगवटा. भिंतीला लागून आत्याची खाट. तो म्हणाला, भेग जुनीच होती, त्या दिवशी रुंदावली. मिस्त्रीला दाखवली तर मिस्त्री म्हणाला, "भूकंपाचं मले नाही मालूम. पण या भितीखाली कोनी झोपू नोका."

मंडळी, मी तो फोटो बराच वेळ बघत बसले. मिस्त्रीचं ते एक वाक्य माझ्या पोथीपेक्षा जास्त गीतेचं होतं.

आतेभावाने फोटोसोबत एक प्रश्नही टाकला होता. "ताई, एक सांग. आमच्या वनहक्काच्या दाव्यात मीच हातात जीपीएस घेऊन जंगलाची हद्द फिरलो. वाघाच्या गळ्यात कॉलर आहे, तो कुठे बसलाय ते कळतं. मग जमीन हलणार हे वरून का नाही कळत? की कळतं आणि सांगत नाहीत?"

प्रश्न चांगला होता. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत जीपीएस काही परकं राहिलेलं नाही. २००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून गडचिरोलीत कितीतरी गावांनी आपल्या जंगलाच्या सीमा मोजल्या. ताडोबाच्या, ब्रह्मपुरीच्या वाघांवर कॉलरने नजर ठेवतात. मग भूकंप का नाही? मला उत्तर येत नव्हतं. श्लोकात स्वाध्याय आहे ना, म्हणून थोडा हाही स्वाध्याय केला. जमेल तसं सांगते.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरतात. प्रत्येक उपग्रह सतत ‘आत्ता इतके वाजले, मी इथे आहे’ एवढंच सांगत असतो. खालचा यंत्रवाला त्या संदेशाला पोहोचायला किती वेळ लागला ते बघतो, त्यावरून अंतर काढतो आणि चार-पाच उपग्रहांच्या अंतरांवरून स्वतःची जागा ठरवतो. आपल्या मोबाईलमध्ये यात काही मीटरचा फरक पडतो. पण खडकात पक्कं रोवलेलं, वर्षानुवर्षं एकाच जागी बसलेलं शास्त्रीय यंत्र मिलिमीटरपर्यंत जमीन सरकलेली सांगू शकतं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेत, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अशी केंद्रं कित्येक वर्षं चालू आहेत.

या मोजणीने आपल्याला फार मोठी गोष्ट दाखवली. आपला अख्खा देश वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतोय, साधारण नखं वाढतात त्या वेगाने. त्यातले दोनेक सेंटीमीटर दर वर्षी हिमालयात दाबले जातात. तो ताण साठतो आणि कधीतरी सुटतो. त्यामुळे कुठे ताण साठतोय आणि अंदाजे किती, हे उपग्रहांमुळे सांगता येतं. २०११ मध्ये जपानला मोठा भूकंप झाला तेव्हा तिथल्या हजाराहून जास्त केंद्रांनी किनारा पाच मीटरहून अधिक सरकल्याचं मोजलं.

पण कुठे आणि किती हे कळणं वेगळं, आणि कधी हे कळणं वेगळं. भाकितात तिन्ही लागतात. ‘कधी’ हा शब्द आजही कुणाच्या हाती आलेला नाही.

त्यात आपला दख्खन आणि विदर्भ आणखी अवघड. देशाच्या पोटातल्या या जुन्या जमिनीत वर्षभरातली सरक इतकी कमी असते की ती यंत्राच्या चुकीतच हरवून जाते. चंद्रपूरचा कोळसा, सिरोंच्याजवळच्या वडधमचे जीवाश्म, हे सगळं ज्या खोलगट पट्ट्यात साठलं तो गोदावरीचा पट्टा कोट्यवधी वर्षांपूर्वी जमीन ताणली जाऊन खचल्यामुळे तयार झाला. त्या जुन्या जखमा अजून आत आहेत. याच पट्ट्यात १३ एप्रिल १९६९ ला भद्राचलमजवळ ५.७ चा भूकंप झाला होता. मग पंचावन्न वर्षांनी मुलुगू. मधल्या काळात जमीन वरून शांत. अशा ठिकाणी वर्षभराचं मोजमाप बघून उद्याचं सांगणं कसं जमणार?

तरी माणूस प्रयत्न सोडत नाही, आणि सोडूही नये. जुलै २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात क्वेंटिन ब्लेटेरी आणि जाँ-मॅथ्यू नोके या फ्रान्समधल्या दोन शास्त्रज्ञांचा लेख आला. त्यांनी जगभरातले सात आणि त्याहून मोठे नव्वद भूकंप घेतले. प्रत्येकाच्या आधीच्या दोन तासांतली जीपीएसची नोंद घेतली आणि सगळ्यांची एकत्र बेरीज केली. त्या बेरजेत शेवटच्या दोन तासांत जमीन हळूहळू वेग घेत सरकतेय असं दिसलं. एकेका भूकंपात ते दिसत नव्हतं, फक्त सगळ्यांची बेरीज केल्यावर दिसत होतं. आजच्या यंत्रांनी भाकीत करता येणार नाही, हेही त्यांनीच स्पष्ट म्हटलं. पण बातमी जगभर पसरली. दोन तास! कल्पना करा.

मग काइल ब्रॅडली आणि ज्युडिथ हबर्ड या भूशास्त्रज्ञांनी तीच उघड असलेली माहिती पुन्हा तपासली. जीपीएसमध्ये एक चूक अशी असते की ती एकाच वेळी आजूबाजूच्या सगळ्या केंद्रांत सारखीच येते. ती कशी, तर बघा. आलापल्लीहून सिरोंच्याला एसटीने निघालात आणि बसमधल्या चाळीस माणसांनी एकाच क्षणी मान डोलावली, तर चाळीस जणांचं एकमत झालं असं होत नाही. बस खड्ड्यातून गेली! तशी ही सामाईक हालचाल त्यांनी बाजूला काढली, आणि ते दोन तासांचं चिन्ह जवळजवळ दिसेनासं झालं.

मला यातली एक गोष्ट फार आवडली. कुणी कुणाला खोटारडं म्हटलं नाही. पहिल्यांनी आपली माहिती सगळ्यांसमोर ठेवली, दुसऱ्यांनी त्यातली फट दाखवली. एका मोठ्या आशेवर त्यांनी शांतपणे ‘अजून नाही’ असं लिहिलं. हजारो जीव वाचवण्याचं स्वप्न समोर असताना ‘अजून नाही’ म्हणायला मन किती स्थिर लागत असेल! मला तर एका आत्यापुढे ते जमलं नव्हतं.

खरं म्हणजे भूकंपाच्या भाकिताचा इतिहास माणसाच्या अहंकाराला जागेवर आणणारा आहे. चीनमध्ये फेब्रुवारी १९७५ मध्ये हायचेंगला मोठ्या भूकंपाच्या आधी लोकांना घराबाहेर काढलं गेलं आणि पुष्कळ जीव वाचले. जगाला वाटलं, जमलं. पुढच्याच वर्षी, जुलै १९७६ मध्ये, तांगशानला सूचना न देता भूकंप आला आणि दोन लाखांहून जास्त माणसं गेली. कॅलिफोर्नियातल्या पार्कफिल्डला साधारण बावीस वर्षांनी एकदा भूकंप येतो, म्हणून १९९३ च्या आत येणारच असं शास्त्रज्ञांनी सांगितलं आणि तिथे यंत्रांचं जाळं अंथरलं. तो आला २८ सप्टेंबर २००४ ला. इतकी यंत्रं कान लावून बसलेली असताना आधी स्पष्ट चाहूल कुणालाच लागली नाही.

आणि मग इटलीतलं लाक्विला. ते वाचताना मला माझाच फोन ऐकू आला.

२००९ च्या सुरुवातीला तिथे महिनोन् महिने छोटे धक्के येत होते. एक गृहस्थ रेडॉन वायू मोजून मोठा भूकंप येणार असं सांगत फिरत होते, लोक घाबरले होते. ३१ मार्चला शास्त्रज्ञांची आणि अधिकाऱ्यांची बैठक झाली. त्या सुमारास एका अधिकाऱ्याने टीव्हीवर लोकांना निवांत राहायला सांगितलं. त्या गावात जुनी रीत होती, धक्का बसला की घराबाहेर पडायचं, रात्र बाहेर काढायची. या आश्वासनामुळे काही कुटुंबं त्या रात्री घरातच राहिली, असं पुढे खटल्यात घरच्यांनी सांगितलं. ६ एप्रिलच्या पहाटे भूकंप आला. तीनशेहून अधिक माणसं गेली. २०१२ मध्ये सात जणांना शिक्षा झाली, २०१४ मध्ये अपिलात त्यातले सहा शास्त्रज्ञ सुटले. भाकीत करता आलं नाही म्हणून कुणाला दोषी धरणं बरोबर नव्हतंच. पण प्रश्न उरतो तो त्या ‘निवांत राहा’चा.

एकीकडे ‘येणार’ म्हणणारा, एकीकडे ‘येणार नाही’ म्हणणारा. दोघांनाही माहीत नव्हतं. सिरोंच्यातही तेच झालं. एक व्हॉट्सॲपचा मेसेज, एक मी. आम्ही एकमेकांच्या विरुद्ध वाटलो तरी दोघांचं पाप एकच. जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं बोलणं. त्याने भीती वाटली, मी दिलासा वाटला. त्याने उपग्रहाचं नाव वापरलं, मी पांडुरंगाचं.

आणि माझं जास्त मोठं, असं मला वाटतं. कारण आत्याने मला हवामान खात्याची बाई म्हणून विचारलं नव्हतं. तू रोज पोथी वाचतेस म्हणून विचारलं होतं. माझ्या अंदाजाखाली मी देवाची सही केली. त्या रात्री भिंत पडली असती तर आत्याचा माझ्यावरचा नाही, देवावरचा विश्वास गेला असता.

आता तुमच्यातलं कुणी म्हणेल, मग काय तिला सांगायचं होतं, ‘येऊही शकतो’? एकटी बाई, शेजारी लहान पोर. तिला खरं सांगून घाबरवायचं? दिलासा देणं हा भक्ताचा धर्म नाही का?

हा प्रश्न मी झटकून टाकू शकत नाही. श्लोकातही पहिली अट तीच आहे, मन ढवळू नये. माझं बोलणं त्या अटीत बसत होतं. गोडही होतं. पण खरं नव्हतं, आणि हिताचं तर अजिबात नव्हतं. भगवंतांनी ही लक्षणं ‘यातलं एखादं निवडा’ म्हणून सांगितलेली नाहीत. सगळी एकाच वाक्यात बसवायची आहेत, म्हणूनच त्याला तप म्हटलंय. सोपं असतं तर तप कशाला म्हटलं असतं?

मिस्त्रीच्या वाक्याकडे परत जाऊ. ‘भूकंपाचं मले नाही मालूम’, हे खरं. ‘पण या भितीखाली झोपू नोका’, हे हिताचं. ऐकून आत्या घाबरली नाही, कारण त्या वाक्यात भीतीबरोबर हाताला कामही होतं. खाट ओढायची, दुसऱ्या खोलीत लावायची. ज्याला काही करता येतं त्याची भीती निम्मी होते. आणि प्रिय? मला तर त्यात माया दिसते. तो घरापर्यंत आला, भिंतीवर हात फिरवला, मग बोलला. मी पुण्यात बसून, भिंत न बघता, एका सेकंदात उत्तर दिलं होतं.

३० सप्टेंबर १९९३ आठवतो ना? आपल्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नव्हते, पण घरात प्रत्येकाने ऐकलेला आहे. अनंत चतुर्दशीची रात्र, गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हादरलं. तीव्रता ६.२, आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. त्याआधी १९९२ मध्ये तिथे छोटे धक्के येऊन गेले होते. तेव्हाच्या नकाशावर तो भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. म्हणजे नकाशासुद्धा एका अर्थी ‘निवांत झोपा’ म्हणत होता. आणि माणसं गेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचं ओझं अंगावर येऊन. जमीन हलते, पण जीव घर घेतं. पुढे बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, नकाशाही बदलला.

आता विचार करा, तेव्हा उपग्रहाने दोन तास आधी इशारा दिला असता तर? नक्कीच दिला असता तर हजारो वाचले असते, यात शंका नाही. म्हणून हे संशोधन मला देवकार्यच वाटतं. ‘देवाच्या कामात ढवळाढवळ’ असं म्हणणाऱ्यांना मी गोवर्धनाची गोष्ट आठवायला सांगते. पाऊस कोसळत होता तेव्हा कृष्णाने ‘नशीब तुमचं’ म्हटलं नाही. आणि एक गंमत बघा, पाऊस किती वाजता थांबेल हेही त्याने सांगितलं नाही. त्याने डोक्यावर छप्पर धरलं.

मिस्त्रीने तेच केलं. कराडजवळ कोयना भागात तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून भूकंपाच्या उगमाजवळ जाऊन बघणारे शास्त्रज्ञ तेच करतायत. १९६७ च्या कोयना भूकंपाच्या जखमेशी ते अजून बोलतायत. अंदमानात समुद्राकाठी जीपीएस केंद्रं बसवलीत, कारण मोठा भूकंप झाल्यावर जमीन किती सरकली हे मिनिटांत कळलं तर त्सुनामीचा इशारा लवकर देता येतो. भूकंप सुरू झाल्यावर, मोठ्या लाटा पोहोचायच्या आधी, काही सेकंदांची सूचना मोबाईलवर देणाऱ्या यंत्रणा आता भारतातही आल्यात. हे भाकीत नाही. पण गॅस बंद करायला, टेबलाखाली शिरायला काही सेकंद खूप असतात.

आणि अर्धवट इशाऱ्याचं काय? समजा उद्या यंत्राने सांगितलं, येत्या दोन तासांत मोठा भूकंप होण्याची शक्यता शंभरात एक. सांगायचं की दडवायचं? मी बराच विचार केला. मला वाटतं, सांगायचं, पण जेवढं आहे तेवढंच. शंभरात एक म्हणजे शंभरात एक. शंभर करून सांगायचं नाही, शून्य करूनही नाही. सोबत काय करायचं ते सांगायचं. आणि नव्याण्णव वेळा काहीच झालं नाही म्हणून सांगणाऱ्याला हसायचं नाही, हे आपण ऐकणाऱ्यांचं तप. शिवाय एक विसरू नका, तो इशारा आत्यापर्यंत पोहोचायला आधी मोबाईलला रेंज हवी. मजबूत भिंतीला रेंज लागत नाही.

शास्त्रज्ञ प्रत्येक मोजमापापुढे एक छोटा आकडा लिहितात, अधिक-उणे इतके मिलिमीटर. इतकी माझी चूक असू शकते, असं ते आधीच कबूल करतात. मला वाटतं, आपल्या बोलण्यातही तो अधिक-उणे असावा. विशेषतः आपण देवाचं नाव घेऊन बोलतो तेव्हा. श्रद्धा देवावर पूर्ण असावी, स्वतःच्या अंदाजावर नाही.

पुढच्या उन्हाळ्यात मी सिरोंच्याला गेले. ती भिंत पाडायची ठरली होती. मिस्त्रीने सब्बल लावली, दोन दणके दिले आणि भिंत धपकन खाली बसली. धूळ उडाली. भूकंप लागलाच नाही. आत्या माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "येवढीशीच होती वं तिची ताकद." तिला आठवत नव्हतं मी त्या दिवशी फोनवर काय म्हणाले होते. मीच आठवण करून दिली आणि माफी मागितली. म्हटलं, "आत्या, तेव्हा मला माहीत नव्हतं. मी उगीच माहीत असल्यासारखं बोलले."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मंग आता सांग. पुन्हा येईन का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही आत्या. कुणालाच माहीत नाही. पण नवी भिंत आपण नीट बांधू. आणि तुझी खाट मी लावून देते."

त्या रात्री आम्ही दोघींनी मिळून हरिपाठ म्हटला. आधी भिंत पाडली होती, म्हणून की काय, नाम घेताना मन जास्त निवांत होतं.

आजचा छोटा नेम

पुण्या-मुंबईत, बंगळुरूत राहणाऱ्या सगळ्यांनी आज घरी एक फोन करायचा. आई-बाबा, आजी ज्या पलंगावर झोपतात त्याच्यावर काय आहे विचारायचं. जड फडताळ, सुटी फ्रेम, भेगाळलेली भिंत? असेल तर पलंग हलवायला सांगायचा, नाहीतर पुढच्या सुट्टीत स्वतः हलवायचा.

भूकंपाचा कुठलाही मेसेज आला की पुढे पाठवण्याआधी श्लोकाच्या कसोट्या लावायच्या. खरं आहे का? हिताचं आहे का? उगाच मन ढवळेल का? प्रेमाने सांगतोय का? दिवस आणि वेळ देऊन भाकीत केलेलं असेल तर ते पहिल्याच कसोटीला पडतं. झालेल्या भूकंपाची खरी माहिती राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र देतं, ती बघायची.

आणि दिवसातून एकदा तरी, खरंच माहीत नसेल तेव्हा, ‘मला माहीत नाही’ म्हणायचं. त्याच्यापुढे ‘पण मी हे करते’ जोडायचं. करून बघा, जड जातं. पण तेच वाणीचं तप आहे, असं मला आता वाटतं. अधिक-उणे थोडी चूक धरून.

राम कृष्ण हरी!